परत न येणारी गिऱ्हाइकं

एका बाजाराच्या गावी एक हमाल होता, पण तो काही जन्माचा हमाल नव्हता. पूर्वी तो घोंगड्या विणायचा. पुढे त्याची गिऱ्हाइकं एकेक करून येईनाशी झाली. का, ते त्याला तेव्हा कळलं नाही. शेवटी माग मोडून चुलीत गेला आणि तो दुसऱ्यांची ओझी वाहू लागला. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती, तरी मागाची ओढ काही सुटत नव्हती. पारावर पाय सोडून बसला, की मागाच्या पावड्या दाबल्यासारखे त्याचे पाय आपोआप हलायचे. लोक हसायचे. त्याला मात्र रडू यायचं.

त्याच गावात घोंगड्या विणणारी एक विधवा होती. वडिलांचा माग तिनं एकटीनं चालवला होता. पण दोन वर्षं झाली, तिच्या घोंगड्याही खपेनात.

एके बाजारी ती हमालाला म्हणाली, "दादा, पुढल्या बाजारीबी घोंगडी गेली न्हाई, तर मी भावाकडं जाते. माग तू घेऊन जा. काही देऊ नको, पण चुलीत तेवढा घालू नको."

ज्याच्यासाठी हमालाचा बारा वर्षं जीव झुरला, ते असं दारात चालून आलं होतं!

तेवढ्यात एक म्हातारा धनगर आला. त्यानं तिची घोंगडी पसरली, तिच्यावर ओंजळभर पाणी ओतलं आणि पाहिलं. मग नीट घडी घालून म्हणाला, "झ्याक हाय, बाय. पुढल्या बाजारी बघू."

हमाल चमकला. हेच शब्द त्यानं स्वतःच्या दुकानात शंभरदा ऐकले होते. तो धनगराच्या मागोमाग गेला.

"आजा, झ्याक हाय म्हणालास, मग घेतली का न्हाईस?"

"पानी पितीया ती. पावसात काय कामाची?"

"मग तिला सांगायचं की!"

"कुनाच्या कष्टाला तोंडावर नाव ठेवायची आमच्यात पद्धत न्हाई, गड्या."

हमालानं विचारलं, "आणि माझ्या घोंगडीत काय खोट होती?"

"तुझी? लई गुणाची. पर वीतभर आखूड. डोक्यावरनं खोळ घेतली की पोटऱ्या भिजायच्या."

"अरे, मग मला बोलला का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

लोकर वाचवायला घोंगडी आखूड करायची अक्कल हमालाची स्वतःचीच होती. एका वितीपायी त्याची बारा वर्षं गेली होती.

घरी जाऊन त्यानं मागासाठी कोपरा झाडला, सारवला. चोरी नाही, चहाडी नाही, पुढल्या बाजारापर्यंत नुसतं गप्प बसायचं होतं. सारं गाव गप्प होतं, मग त्यानं एकट्यानंच का बोलावं? माग आपला होणार या विचारानं त्याला अन्न गोड लागेना आणि झोपही धड येईना.

तिसऱ्या दिवशी माग एकदा बघावा म्हणून तो तिच्याकडे गेला. ती बोचकं बांधत होती.

"भावजय चांगली हाय ना?" त्यानं विचारलं.

"तिच्या दारात कुत्र्यालासुदिक दुसऱ्यांदा भाकरी मिळत न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा गाठ मारू लागली.

हमाल मागाजवळ गेला. लाकडावरून हात फिरवला. मग मन घट्ट करून म्हणाला, "अक्का, घोंगडी विणून झाली की तू काय करतीस?"

"रिठ्याच्या पाण्यात धुते. विणताना लावलेली चिंचोक्याची खळ काढून टाकते. पाटलीणबाई म्हनल्या, घोंगडी टोचती. तवापास्नं मऊ करून देते."

"पाटलीणबाई पावसात मेंढरं राखायला जात्यात व्हय? धुऊ नको. लोकरीचा चिकटपणा गेला, खळ गेली, की घोंगडी पानी पिते. धनगर बोलत न्हाईत, पर म्हणून घेतबी न्हाईत."

ती आधी रागावली, मग विचारात पडली. मागावरून उतरलेल्या दोन घोंगड्या धुवायच्या राहिल्या होत्या. बाजारात तिनं त्या तशाच नेल्या. म्हाताऱ्या धनगरानं पाणी ओतलं. ते थेंब थेंब होऊन ओघळून गेलं. त्यानं दोन्ही घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि म्हणाला, "आनखी हायेत का?"

त्या दिवशी तिनं बोचकं सोडलं.

"दादा, बोललास तर माग जानार, हे तुला ठावं होतं. मग का बोललास?"

"मला कुनी बोललं असतं, अक्का, तर आज मीबी विणत असतो."

ही गोष्ट बाजारभर झाली. दुसऱ्याच आठवड्यात कुंभार आला, "माझी मडकी का पडून राहत्यात, जरा बघतोस?" हमाल दिवसभर त्याच्या दुकानासमोर बसला आणि जे गिऱ्हाईक रिकाम्या हातानं निघालं, त्याच्या मागं जाऊन विचारत राहिला. कुंभारानंतर बुरूड आला, भडभुंजा आला. पुढे दहा गावांची माणसं त्याचा सल्ला घ्यायला येऊ लागली. ओझी वाहणं सुटलं. लोक म्हणाले, नशीब काढलं हो गड्यानं!

काढलं खरं. पण माग काही त्याला मिळाला नाही; गावोगावच्या बोलावण्यांतून मागावर बसायला उसंतच उरली नाही. गावोगाव फिरताना एखाद्या घरातून मागाचा आवाज आला, की तो वाटेतच थबकायचा. आतून कुणी विचारायचं, "कुनाकडं आलाय, पाव्हणं?"

"कुनाकडं न्हाई," तो म्हणायचा आणि डोळे पुसून पुढं चालू लागायचा. पुढच्या गावात कुणीतरी त्याची वाट बघत असायचं.

तात्पर्य काय, तर कुणी नाव ठेवत नाही म्हणून आपलं काम बिनचूक समजू नये; गेलेल्या गिऱ्हाइकाला गाठून विचारावं. आणि दुसऱ्याची चूक आपल्याला कळली, तर ती सांगण्यात आपलं नुकसान असलं तरी सांगावी.