गाडीचा दुसरा मालक

अप्पासाहेब बेडक्याळ्यांची लालभडक स्पोर्ट्स कार बारा वर्षांत जेमतेम चार हजार किलोमीटर धावली होती. दर दसऱ्याला इंजिनावर खोबरं-साखरेचा नैवेद्य ठेवायचा, हार घालायचा आणि गाडी परत झाकून टाकायची, हा त्यांचा शिरस्ता.

जुन्या गाड्या घेणारी शमा मुजावर भाव करायला आली, तसे ते गरजले, "नव्याच्या भावानेच देणार! सिंगल ओनर गाडी आहे. माझ्याखेरीज दुसरा मालक दाखव, म्हणशील त्या भावात ने!"

शमाने बॉनेट उघडलं. आत सीटच्या फोमची गादी करून उंदरीण पिलांसकट निवांत पहुडली होती.

"अप्पासाहेब, तुम्ही वर्षातून एकदा खाऊ घेऊन येता, आणि ही बारमाही राहते. आता मालक कोण अन् पाहुणा कोण, तुम्हीच सांगा!"

अप्पासाहेबांनी किल्ली पुढे केली.