पुरेशी गरिबी

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा गावांना वेशी होत्या आणि दिवेलागणीला त्या बंद होत. माणसं मात्र आजच्यासारखीच होती.

डोंगराच्या पायथ्याशी असंच एक गाव होतं. त्या गावाची एक चांगली चाल होती. सकाळी जात्यावर बसण्याआधी घराघरातली बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची. आठवड्याचं साठलं की ते चावडीतल्या मोठ्या कणगीत नेऊन ओतायचं. तिला म्हणायचे विद्येची कणगी. तिच्यातलं धान्य विकून गावातल्या एका गरीब, हुशार मुलाला किंवा मुलीला शिकायला पाठवायचं, असा गावाचा शिरस्ता होता.

पण एकदा काय झालं, एका सावकाराच्या भाच्यानं फाटकी बंडी घालून शिक्षणाचा खर्च उपटला. पंचक्रोशीत गावाचं हसं झालं. पंचांनी नियम केला, ज्याच्या दारात दुभतं जनावर त्याला मदत नाही. पुढं कुणी तांब्या-पितळेची भांडी शेजारच्या घरात लपवली. मग भांड्यांचा नियम झाला. असे नियमावर नियम चढत गेले. लबाडी केली दोघातिघांनी आणि झडती सगळ्या गरिबांची. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

पंचांचा मुखिया वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कणगीतला दाणा त्यानं कधी घरी नेला नाही. सख्ख्या पुतण्यालाही त्यानं चावडीवरून हात हलवत परत पाठवलं होतं. "माझ्या हयातीत कणगीला एक बी लबाड शिवला न्हाई," असं तो अभिमानानं सांगायचा, आणि ते खरंच होतं. गेल्या दोन वर्षांत कणगीला लबाडच काय, कुणीच शिवलं नव्हतं. कणगी काठोकाठ भरली होती.

त्याच गावात एक विणकर बाई राहत होती. तिचा नवरा तापानं गेला होता. वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर. तो येईपर्यंत तिरडी बांधून झाली होती. पदरात दोन मुली, थोरली चौदा वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची. घरात एक माग होता, त्यावर तिघींचं पोट चालायचं. दारात एक शेळी होती, तिचं दूध धाकटीच्या वाट्याचं.

थोरली भलती हुशार. रानातला कुठला पाला कशावर चालतो हे तिला तोंडपाठ. गावच्या पंतोजींनी तिला शिकवलं, आणि एक दिवस ते विणकर बाईला म्हणाले, "माझ्याकडचं संपलं, बाई. हिला नगरातल्या वैद्यशाळेत धाडा. पाच वर्षांनी गावाला स्वतःचा वैद्य मिळेल."

वैद्यशाळेत दर दसऱ्याला नवे विद्यार्थी घेत. पाच वर्षांचं राहणं, जेवण, पोथ्या. एवढा खर्च एका मागावर कुठून निघणार? विणकर बाई आषाढात मुलीला घेऊन चावडीवर गेली.

मुखियानं आस्थेनं चौकशी केली. मग विचारलं, "दारात दुभतं जनावर हाय का?"

"एक शेळी हाय, दादा. धाकटीपुरतं दूध देती."

"मग कसं जमायचं? नियम हाय."

पंतोजी तिथंच बसले होते. ते म्हणाले, "अहो, शेळीच्या दुधावर का वैद्यशाळेचा खर्च निघतो?"

"तसं न्हाई, पंतोजी. आज शेळीला सूट दिली की उद्या म्हैसवाला येऊन बसंल."

विणकर बाईनं शेळी विकली. धाकटी दोन दिवस रिकाम्या खुंट्याला पाला घालत होती. श्रावणात मायलेकी पुन्हा चावडीवर गेल्या.

"शेळी इकली म्हंजे पैका आला असंल," दुसरा एक पंच म्हणाला.

"त्याचे जोंधळे घेतले, दादा. ते बी सरत आले."

"बरं. पन घरात माग हाय ना? चालता माग म्हंजे कमाईचं साधन. चालता माग असलेलं घर गरजू कसं म्हनायचं?"

मुखियानं मान हलवली. त्यालाही वाईट वाटलं. वाईट वाटणं आणि मान हलवणं, दोन्ही त्यानं मनापासून केलं.

घरी येताना मुलगी म्हणाली, "आई, माग नको इकूस. म्या न्हाई गेले तर काय आभाळ कोसळतंय?"

"तुझा बाप कशानं गेला, इसरलीस व्हय?" आई म्हणाली. "तू एकदा तिथं पोचलीस की म्या कुठं बी मजुरी करीन. दोन पोटं भरायला कितीसं लागतं?"

माग शेजारगावच्या विणकरानं उचलून नेला. आलेला पैसा सुताच्या उधारीत गेला. मागाखालचा पाय सोडायचा खड्डा तेवढा घरात उरला. धाकटी त्यात बसून भातुकली खेळू लागली.

आई चुकली, असं म्हणणं सोपं आहे. पण लेकीला शिकवायचं तर आधी पुरेसं गरीब व्हायला हवं, असं तिला गावानंच सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं, एवढंच.

भाद्रपदात पंचांनी सांगितलं, आता नियमात बसतंय, पण घर डोळ्यांनी बघावं लागेल आणि त्याला पाचही पंच हवेत. एक पंच लेकीच्या सासरी गेला होता. तो आला तर दुसऱ्याच्या घरी पितरं होती. विणकर बाई तोवर दगडाच्या खाणीवर जाऊ लागली. जन्म मागावर बसून गेलेला, ओझ्याची सवय नाही. पंधराव्या दिवशी खडीची पाटी डोक्यावर घेऊन चढताना तिचा पाय घसरला आणि कंबर मोडली. चौघांनी तिला झोळीतून घरी आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिची पाटी थोरलीनं उचलली.

दसरा चार दिवसांवर आला तेव्हा पाचही पंच विणकर बाईच्या दारात हजर झाले. पंतोजीही मागोमाग आले. पंचांनी घर नीट बघितलं. जनावर नाही. माग नाही. भांडी मातीची. मडक्यात तळाला दोन मुठी कण्या. कमावती बाई अंथरुणाला खिळलेली, आणि एक अशक्त पोर खड्ड्यात बसून टकामका बघतेय.

मुखियाचे डोळे भरून आले. "आता कुनाची नाव ठेवायची बिशाद न्हाई," तो म्हणाला. "खरीखुरी गरजू! पोरगी कुठाय?"

पोरगी तेवढ्यात खाणीवरून आली. अंगभर दगडाची पूड. मुखियानं सोबत आणलेला झेंडूचा हार तिच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "पोरी, पाची वर्सांचा खर्च मंजूर. उद्या निघालीस की दसऱ्याला पोचशील."

मुलीनं हातांची पूड पुसली. मग म्हणाली, "दादा, एक बोलू का?"

"बोल की."

"म्या जाते. पन माझ्यामागं ह्या दोघींना करून घालाया कुनी न्हाई. कनगीतनं म्हैन्याला चार पायली जोंधळा ह्यांना द्या. आई उभी राहिली की बंद करा. त्या कनगीत आमच्या बी घरची मूठ हाय, दादा. आईनं एक दिस चुकवला न्हाई."

पंतोजी म्हणाले, "द्या हो. कणगीला काय कमी आहे?"

मुखियानं अंथरुणावरच्या बाईकडं बघितलं. धाकटीकडं बघितलं. माणसाच्या आयुष्यात अशी घटका एखादीच येते. होय म्हणायला त्याला एका श्वासाचा खर्च होता. पण त्याला आठवला तो सावकाराचा भाचा, पंचक्रोशीतलं हसं, आणि आपलं आजवरचं डाग न लागलेलं नाव.

"कनगी विद्येची हाय, पोरी," तो म्हणाला. "पोटाची न्हाई. तुला चार पायल्या दिल्या तर उद्या सारा गाव पायली घेऊन हुबा राहील."

अंथरुणावरून आई ओरडली, "जा गं तू! आमी मेलो तरी मागं बघू नगंस!"

"तुमी मेल्यावर वैद्य हून करू काय?" मुलगी म्हणाली. तिनं हार काढला आणि मुखियाच्या हातात ठेवला. "दुसऱ्या कुनाला तरी धाडा, दादा."

दसऱ्याच्या दिवशी नगरातल्या वैद्यशाळेत पाटीपूजन झालं, आणि ती मुलगी खाणीत खडी वाहत होती. तिची आई पुढं काठीला धरून चार पावलं टाकू लागली, पण कमरेतून ती कायमची वाकली. माग परत घ्यायला पैसा नव्हता आणि असता तरी त्यावर बसायला कंबर नव्हती. पाल्याचे गुण मुलीला हळूहळू आठवेनासे झाले. दिवसभर दगड वाहून आलेल्या माणसाला रात्री पोथी दिसत नाही, फक्त अंथरूण दिसतं. मला या मुलीची गोष्ट सांगताना अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही, कारण तिच्या दारातून परत गेलेल्या त्या पाच माणसांत एकही चोर नव्हता.

पुढच्या आषाढात पंच चावडीवर बसले. गावात हुशार पोरं होती. चांभाराचा मुलगा तोंडी हिशेबात पंतोजींना हरवायचा. कुंभाराच्या नातीचं अक्षर मोत्यासारखं होतं. पण त्यांच्या आईबापांनी विणकर बाईचं घर येता-जाता बघितलं होतं. चांभारानं आपली शेळी दावणीलाच ठेवली आणि पोराला आरी हातात दिली. कुंभारानं नातीला चिखल तुडवायला लावलं. चावडीवर त्या दिवशी कुणीच आलं नाही.

सूर्य मावळेपर्यंत मुखियानं वाट बघितली. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं दवंडीवाल्याला बोलावून घेतलं, आणि थोड्या वेळानं गल्लीगल्लीत हलगी वाजू लागली.

"ऐका हो ऐका! पंचांच्या कृपेनं आपल्या गावात आता एक बी गरजू उरला न्हाई!"

तात्पर्य इतकंच: हात देण्याआधी जो समोरच्याचं पुरतं मोडण्याची वाट बघतो, त्याचा हात पोचतो तेव्हा तो धरून उठायला कुणी उरलेलं नसतं.