पात्र वाळायचं राहिलं

"मग हिचे दात किडले कसे, भंतेजी?"

प्रणिताने हे विचारलं तेव्हा टेकडीवरच्या विहारात बारा वाजून गेले होते. भंतेजींचं जेवण झालं होतं. आता उद्याची सकाळ उजाडेपर्यंत ते काही खाणार नव्हते.

तिच्या मांडीवर तिची चार वर्षांची मुलगी, मैत्री. मंगळवारी तिच्या दोन दाढा काढायच्या होत्या. उरलेले दात वाचतील का, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि आपलंच लक्ष नव्हतं, हेही प्रणिताला आता छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

भंतेजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आणि दात सगळे जागच्या जागी. ते काय लावतात ते विचारून ये, म्हणून सासूबाईंनी पाठवलं होतं.

"कडुलिंबाची काडी," भंतेजी म्हणाले.

"बस्स?"

"आणि पाणी."

तिने मोबाइलमध्ये लिहून घेतलं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईने 'काडी' लिहून घ्यावी, याचं तिचं तिलाच हसू आलं.

"आम्ही तर दोनदा ब्रश करतो," ती म्हणाली. "घड्याळ लावून. चॉकलेट घरात येत नाही. खाऊ म्हणजे मनुका, नाहीतर खजूर. दुधातसुद्धा साखर नाही, मध घालते."

मैत्री कुरकुरली. बोलता बोलताच प्रणिताने पिशवीतून दुधाची बाटली काढून तिच्या तोंडाला लावली. दोन घोट गेले, कुरकुर थांबली.

भंतेजींनी हात पुढे केला. "मला देतेस थोडं?"

"तुमचं जेवण झालंय ना?" मैत्री म्हणाली. पण बाटली दिली.

भंतेजींनी नुकतंच धुऊन पुसलेलं भिक्षापात्र ओढलं, त्यात दुधाचे चार थेंब टाकले आणि पात्र प्रणिताकडे दिलं.

"धुऊन आणता, ताई?"

तिने नळावर जाऊन घासून आणलं. "तर मी काय सांगत होते..."

मैत्रीने पुन्हा चुळबुळ केली. पुन्हा दोन घोट.

पुन्हा चार थेंब. "धुऊन आणता?"

तिसऱ्यांदा मैत्रीच्या तोंडात मनुका गेल्या. भंतेजींनी एक मागून घेतली आणि पात्राच्या तळाशी चिरडली. ती चिकटलेली मनुका खरवडून निघेपर्यंत प्रणिताची नखं दुखायला लागली.

"भंतेजी, मी नीट धूत नाहीये का?"

"फार छान धुता."

"मग तुम्ही असं घडीघडी काहीतरी टाकत राहिलात, तर हे वाळणार कधी?"

भंतेजींनी मैत्रीच्या तोंडाकडे बघितलं.

प्रणिताचं लक्ष बाजूला ठेवलेल्या बाटलीकडे गेलं. सकाळी बसमध्ये. दवाखान्याच्या रांगेत. फोनवर कुणाशी बोलायचं असलं की. आणि रात्री, ब्रश झाल्यावर, झोप लागेपर्यंत...

तिने बाटली पिशवीत घातली. चेन ओढली.

मैत्रीने पिशवीकडे बघितलं, मग आईकडे. ओठ थरथरले आणि तिने भोकाड पसरलं.

"आता ही थांबायची नाही," प्रणिता म्हणाली. तिचा हात पिशवीवरच होता. "मला तिचं रडणं ऐकवत नाही, भंतेजी. खरं सांगते."

भंतेजींनी पात्र उन्हात पालथं घातलं.

"रडू द्या, ताई... रडताना तोंड रिकामं असतं."