शेवाळाचे मणी

“मग दोष मण्याचा नाही, भागीरथीच्या आतड्याचा म्हणायचा?” दाजीशास्त्र्यांनी विचारले.

“होय, गुरुजी.” विश्वंभराच्या स्वरात तसूभरही संकोच नव्हता.

खाडीकाठच्या त्या मठात दाजीशास्त्री वैद्यक शिकवीत, आणि विश्वंभर हा त्यांचा सर्वांत बुद्धिमान शिष्य. शास्त्र्यांनी तसे कधी म्हटले नव्हते. ते त्याचे त्यानेच ठरविले होते.

तांडेलाची सून भागीरथी आतड्यातील व्रणाने खंगत चालली होती. व्रणावर औषध होते. परंतु जठरातील आंबट रसात पडताच ते निकामी होई. म्हणून विश्वंभराने समुद्रशेवाळ उकळून त्याचा चिकट रस काढला, त्यात औषध कालविले आणि थेंब थेंब क्षाराच्या पाण्यात सोडले. पाण्यात पडताच थेंबाचा मणी होई. तो जितका वेळ तेथे राही, तितके त्याचे कवच कठीण होई. विश्वंभराने मणी रात्रभर ठेवले.

त्या मण्यांपुढे जठराने हात टेकले. आतड्यानेही टेकले.

मणी जसे पोटात गेले, तसेच बाहेर पडले. भागीरथीच्या सासूने ही वार्ता तोंडाला पदर लावून सांगितली. धुवून परत आणून देऊ का, असेही वर विचारले.

“तिचं आतडंच मंद आहे,” विश्वंभर म्हणाला. “मण्यात खोट नाही. मी तो दगडावर आपटून पाहिला आहे.”

“असं...”

शास्त्री उठले, औषधशाळेत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

इतक्यात, सासूने मठात आणून ओसरीवर निजविलेल्या भागीरथीला शूळ उठला. तिने ओठ दाताखाली धरला. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. विश्वंभर औषधशाळेकडे धावला.

“गुरुजी, कडी काढा. शूळावरची घुटी आत आहे.”

“दार कसं आहे?” आतून प्रश्न आला.

“दार...?”

“वाळवी लागली आहे का? फट आहे कुठे?”

“नाही.”

“लोटून पाहा.”

त्याने खांदा लावला. दार हलले नाही. “भक्कम आहे, गुरुजी.”

“मग दारात खोट नाही.”

“दाराचं काय घेऊन बसलात? ती तिकडे तळमळते आहे, आणि औषध आत राहून—”

त्याने दारावरचा खांदा काढला.

कडी निघाली. शास्त्र्यांच्या हातात घुटीची वाटी तयार होती. त्यांनी ती भागीरथीला स्वहस्ते पाजली. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला.

विश्वंभराने क्षमा मागितली नाही. त्याने धोतराचा काचा मारला, जुने मणी उकिरड्यावर ओतले आणि ताजे शेवाळ चुलीवर चढविले. कोणी जेवायला हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. एकेक घाणा तो आधीच्यापेक्षा लवकर उपसू लागला. काही मणी जठररसासारख्या आंबट पाण्यात टाकून पाहताच विरघळले. ते त्याने मुकाट्याने फेकले आणि नवा घाणा सोडला.

दिवेलागणीला तो गुरूंपुढे येऊन उभा राहिला. बोटांची सालटी निघाली होती.

“क्षाराच्या पाण्यात नेमका किती वेळ ठेवू, गुरुजी?”

शास्त्र्यांनी ओसरीकडे पाहिले.

“ती झोपली आहे,” ते म्हणाले. “उठली की तिच्या आतड्यालाच विचार.”