तीन पायांचं स्टूल

बकुळीच्या बागेत सोनकी आणि तिची आई राहत. आई दिवसभर उकिडवी बसून गजरे ओवायची. संध्याकाळी तिचे गुडघे इतके दुखायचे, की झाडाला धरूनच उठावं लागे.

सोनकी नाना सुतारांकडे काम शिकत होती. तिथे पहिल्या वस्तूसाठी लाकूड एकदाच मिळे. सोनकीनं कोळशानं भिंतीवर चित्र काढलं आणि तसंच स्टूल बनवलं. कमळाच्या पानासारखी गोल बैठक, खाली चार सडपातळ पाय. आईसाठी.

पण बागेत ठेवताच ते डुगडुगलं. तिनं एक पाय जरासा कापला. ते दुसऱ्या बाजूला कललं. मग दुसरा कापला, मग तिसरा. कापता कापता स्टूल वीतभर उरलं.

नाना बघायला आले आणि हसले. "सोनके, अजून थोडं काप. पोळपाट होईल."

ते गेल्यावर सोनकी जुईच्या वेलाखाली रडत बसली. तेवढ्यात पानांआडून बाहुलीएवढी परी आली. तिचे मोरपिशी पंख दवानं ओले झाले होते.

"दमले गं," परी म्हणाली. "फुलावर बसावं तर बिचारं वाकतं."

सोनकीनं डोळे पुसले, फ्रॉकच्या टोकानं स्टूलही पुसलं. "बसा, परीताई. पण डुगडुगतं हं."

परी बसली, डुलली आणि चांदीच्या घुंगरांसारखी हसली. "झोपाळाच की हा! माग एक इच्छा. पण कापलेलं लाकूड मला जोडता येत नाही. आणि दुसऱ्याच्या हातचं काम मी करत नाही."

सोनकीनं विचार केला. "मग हे का डुगडुगतं, तेवढं मला कळू दे."

परीनं फुंकर मारली. सोनेरी परागांची धूळ जमिनीवर पसरली आणि मातीतला एकेक उंचवटा, एकेक खळगा चमकू लागला.

"अगंबाई! पाय बरोबरच होते. जमीनच खालीवर आहे," सोनकी म्हणाली. मग तिला नानांची थट्टा आठवली. "आमचा पोळपाट कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. त्याला तीनच पाय आहेत!" तिचा चेहरा पुन्हा उतरला. "पण आता लाकूड कुठलं?"

"हे इवलं स्टूल मला देशील?"

"घ्या ना. तुम्हाला बसायला झालं, हे किती छान."

परीनं टाळी वाजवली. मधाच्या रंगाची, शिवणीच्या लाकडाची फळी वेलाखाली अलगद उतरली.

सोनकीनं नवं चित्र काढलं, करवत चालवली, रंधा मारला. आई बाजारातून आली, तेव्हा खळग्याखळग्यांच्या जमिनीवर तीन पायांचं स्टूल घट्ट उभं होतं.

आई बसली. इकडे डुलून पाहिलं, तिकडे डुलून पाहिलं. मग हळूच दोन्ही पाय लांब केले.

"सोने, फुलांची परडी दे," ती म्हणाली. "आज मी काही लवकर उठत नाही."

जुईच्या वेलाखाली इवल्या स्टुलावर परी डुलत होती. तिनं हात हलवला. मग ती, तिचा झोपाळा आणि सगळी जुई क्षणभर लख्ख उजळली, आणि वेलाखाली नुसता प्रकाश डुलत राहिला.