ग्रीस कुठलं घालायचं?

“ते सगळं ठीक आहे चाचा, पण ग्रीस कुठलं?”

अभिनंदन मगदूमनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

दस्तगीर मिस्त्री बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

“साधं,” ते म्हणाले.

“साधं म्हणजे कुठलं?”

“पिवळं असतंय बघ. डब्यात.”

अभिनंदनच्या कपाळाची शीर उडायला लागली. साखर कारखान्याचा चीफ इंजिनीअर माणूस. तिकडं तो नुसता खाकरला तरी पोरं टोप्या सावरायची. आणि इथं मिरजेत, मालगाव रस्त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्यासमोर तासभर जुन्या टायरवर बसायची पाळी आली होती.

शेडबाहेर गाडी उभी होती. बावन्न सालची, विलायती. मागून फुगीर, पुढून डोळे वटारलेली. वडील गेल्यावर नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. अभिनंदननं दीड वर्ष खपून ती उठवली. इंजिन झालं, गाद्या झाल्या, रंग तर असा चकचकीत की बघणाऱ्यानं भांग पाडून घ्यावा.

पण स्टिअरिंग वळेना. म्हणजे वळायचं, पण जातं ओढावं तसं.

त्याचं स्वतःचं काही अडलं नव्हतं. दंड मजबूत होते. अडलं होतं आईचं.

गाडी वडिलांच्या नावावर होती खरी, पण चालवायच्या त्या पद्माबाईच. लग्न होऊन आल्या, तिसऱ्या वर्षी शिकल्या, आणि पुढं पस्तीस वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता सत्तरी आली होती. गेल्या आठवड्यात त्यांनी पोराला सांगून टाकलं होतं, “मी स्वतः चालवत कुंभोजला दर्शनाला जाणार. माझ्या हातानं वळली तर ठेवायची. नाही तर रविवारी तो पुण्याचा माणूस गाडी विकत घ्यायला येतोय, त्याला किल्ली देऊन टाकायची. नुसती पुसत बसायला मला गाडी नको.”

आज शुक्रवार होता.

पद्माबाई बाजेवर बसून मिस्त्रींनी दिलेला चहा पीत होत्या. 

अभिनंदननं पिशवी उपडी केली. डबे, नळकांडी, ट्यूबा… लाल, निळं, काळं. एक जर्मनीहून मागवलेलं.

“हे बघा. सातही घालून बघितली. रोज एक. प्रत्येकाची माहिती वाचलीय मी. कुठलं किती तापमानाला वितळतं, तोंडपाठ आहे.”

“सातीबी?”

“सातही.”

“एकावर एक?”

“…हो.”

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. “वहिनी, पोरगं कितवी शिकलंय?”

“इंजिनीअर आहे, दस्तगीरभाऊ,” पद्माबाई म्हणाल्या. “त्याला काही बोलू नका.”

“तरीच.”

मग त्यांनी डब्यांमधून एक उचललं. ते ग्रीस नव्हतं, गिअरबॉक्सचं तेल होतं. झाकण काढून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

“हे घातलंस का?”

“उद्या घालणार आहे. सगळ्यात भारी आहे हे.”

“गंधक हाय यात. नव्या गाडीला चालतंय. ह्या गाडीच्या गिअरात पितळंच्या कड्या हाईत. हे त्यास्नी खातंय हळूहळू. परत नेऊन दे. साधं जाड तेल आण, नव्वद नंबरचं.”

अभिनंदन चमकला. ही बारीक गोष्ट त्यानं कुठंतरी वाचली होती आणि विसरला होता. म्हाताऱ्याला कळतंय म्हणायचं! तो टायरवरून पुढं सरकला.

“मग तसंच ग्रीसचं सांगा की!”

“सांगितलं की. साधं.”

झालं. पुन्हा तेच. अभिनंदनला वाटलं, ते जर्मन डबडं घ्यावं आणि आपल्याच डोक्यात घालून घ्यावं.

“चाचा, तेलाचं नंबरासकट सांगता आणि ग्रीसला साधं म्हणता! साधं घालून वळलं असतं तर मी इथं आलो असतो का?”

“नसतास आला.”

“मग?”

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठले. कोपऱ्यातली ग्रीसगन घेतली, चिंधीनं तिचं तोंड पुसलं आणि अभिनंदनच्या हातात दिली.

“मार बघू.”

अभिनंदननं पँट वर ओढली आणि पुढच्या चाकामागं उकिडवा बसला. चाक ज्या खुंटावर वळतं, त्या किंगपिनच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, गन लावली आणि रागारागानं दांडा दाबला. एकदा, दोनदा, दहादा. लिबलिबीत लाल-काळं ग्रीस बाहेर आलं.

“आलं बघा. भरलं.”

“कुठनं आलं?”

“म्हणजे?”

“वाक की लेका. खाली डोकं घालून बघ. कुठल्या अंगानं आलं?”

चीफ इंजिनीअरनं जमिनीला गाल लावला. बराच वेळ.

“मागच्या अंगानं.”

“पुढनं?”

“…नाही.”

“खालनं?”

“…नाही.”

मिस्त्री आत गेले, ट्रकचा जॅक ओढत आणला आणि आसाखाली ढकलला. दांडा अभिनंदनकडं केला.

“उचल.”

“उचलायची कशाला? निपल तर दिसतंय की मला!”

“उचल.”

त्यानं उचलली. चाकं जमिनीवरून चार बोटं वर आली आणि अधांतरी लोंबायला लागली.

“आता मार.”

अभिनंदननं दांडा दाबला. या वेळी हाताला जोर लागला नाही. आधी वीत-दीड वीत पातळ चिखल आला. मग काळंकुट्ट, वाळल्या डांबरासारखं काहीतरी तुटून तुटून पडायला लागलं. पुढून पडलं, खालून पडलं. कुणाच्या काळातलं होतं कुणास ठाऊक! मिस्त्री चाक धरून डावीकडं, उजवीकडं फिरवत राहिले.

“मार… मार… थांबू नको.”

दुसऱ्या बाजूचंही तसंच. कपडे गेले, नखं गेली. शेवटी चारी अंगांनी स्वच्छ पिवळं ग्रीस बाहेर आलं. ते गनमध्ये होतं ते, मिस्त्रींचं. डब्यातलं. साधं.

मिस्त्रींनी एका बोटानं चाक ढकललं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत मुकाट्यानं गेलं.

अभिनंदननंही एका बोटानं ढकलून बघितलं. भार चाकावर असताना तो सात दिवस सात प्रकारचं ग्रीस मोकळ्या बाजूनंच कोंबत बसला होता!  मग चिडूनच म्हणाला, “हे आधी सांगायचं होतं की, चाचा!”

“तू इचारलंस कुठं? तू ग्रीस इचारत हुतास.”

गाडी खाली आली. शेडमागं पडीक पटांगण होतं, बाभळीची दोन झाडं सोडली तर मोकळं. पद्माबाईंनी पदर खोचला, चष्मा पुसला आणि स्टिअरिंगवर बसल्या. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले.

“तुझे बाबा शेजारी बसून घोरायचे,” त्या पोराला म्हणाल्या. “कोल्हापूर आलं की उठवावं लागायचं.”

“बरं बरं, आई. मी आहे ना.” अभिनंदन लगबगीनं त्यांच्या शेजारी येऊन बसला. “आधी क्लच दाब. पूर्ण. पूर्ण दाबलास का? आता पहिला गिअर. हळू… अगं हळू!”

गाडी निघाली. दहा हात गेली.

“उजवीकडं घे. थोडं. थोडं म्हणतोय ना मी! बाभूळ आहे तिथं! दिसतेय ना? आई, दिसतेय ना?”

गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू झाली. पुन्हा “क्लच”, पुन्हा “हळू”, पुन्हा “अगं एवढं नको”. त्यानं हात लांब करून स्टिअरिंगच धरलं आणि धरूनच ठेवलं. पद्माबाईंनी दात-ओठ खाऊन वळवायचा प्रयत्न केला. बोटं पांढरी पडली. गाडी आचका देऊन थांबली.

तिसऱ्यांदाही तेच.

पद्माबाईंनी हात मांडीवर घेतले.

“जड जातंय रे.”

“बघा!” अभिनंदन खिडकीतून डोकं काढून ओरडला. त्याच्या आवाजात वैताग होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही होता. “ऐकलंत ना चाचा? अजून जडच आहे! मी म्हणत होतो, साध्या ग्रीसचं काम नाही हे!”

पद्माबाईंनी किल्ली काढली. तळव्यावर धरून एकवार बघितली आणि पोरापुढं केली.

“धर. रविवारी त्या माणसाला देऊन टाक. माझ्यातच जोर उरला नाही. गाडीला बोल लावू नकोस.”

अभिनंदननं किल्ली घेतली नाही. “तसं नाही आई… ग्रीस बदलून बघू. ते जर्मन एकटंच घालू, उचलून. चाचा, सांगा की हिला. कुठलं ग्रीस घातलं म्हणजे…”

मिस्त्री पटांगणातून सावकाश चालत आले. खिडकीतून हात घालून त्यांनी पद्माबाईंच्या हातातली किल्ली घेतली, जागेवर लावली. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि अभिनंदनच्या अंगाचं दार सताड उघडलं.

दार धरून उभे राहिले.

“काय?” अभिनंदन म्हणाला.

मिस्त्रींनी दारावरचा ग्रीसचा डाग बाहीनं पुसला.

“चाचा, काय?”

“ग्रीस पोचलंय लेका,” मिस्त्री म्हणाले. “आता तू उतर.”