गल्ल्यावरचा कॉम्प्युटर

इचलकरंजीत दिगंबरशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकाने फक्त मान हलवायची, असा रिवाज. शर्वरीने गेमिंग कॉम्प्युटरसाठी वर्षभर एकेक भाग जमवला होता. राहिला होता फक्त वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. तोच खराब निघाला, तर बाकीचं सगळं जळणार.

शेठने बिननावाचा डबा पुढे सरकवला. "डोळे झाकून घे, पोरी. यात आणि नावाजलेल्या कंपनीच्या मालात काडीचा फरक नाही."

"मग काका, हा तुमच्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यातला जुना मला द्या."

"वेड लागलंय का? माझा सगळा धंदा आहे त्यात!"

"माझंही अख्खं वर्ष आहे यात."

शेठने शिडी लावली आणि वरच्या फळीवरून चांगल्या कंपनीचा डबा उतरवला. शर्वरीने तो डोळे उघडे ठेवूनच घेतला.